बापांनी भिंतीकडं तोंड करून बसावं

एसटीत चढायच्या आधी सर ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहायचे आणि मान वर करून विचारायचे, "बापू, ब्रेक हाय ना?"

धर्माबादच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखत होते. कुणी सरळ म्हणायचा, "हाय सर, बसा." कुणी म्हणायचा, "ब्रेक हाय, स्टेअरिंगचं तेवढं बघावं लागंल." अशा चेष्टेवर सर हसायचे नाहीत. ती गाडी सोडून द्यायचे आणि पुढच्या गाडीच्या खिडकीखाली जाऊन पुन्हा तेच विचारायचे. त्यामुळं नांदेडच्या मीटिंगला सर पोचायचे तेव्हा तिथं चहाचे रिकामे कप उचलणं चालू असायचं.

शिकवायचे भूगोल. सहारा असा सांगायचे की आमच्या घशाला कोरड पडायची. पण स्वतः नांदेडच्या पुढं कधी गेले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी नकाशावर सगळीकडं जाऊन आलोय, लेका. नकाशाला अपघात होत न्हाई." त्यांना विहिरीची भीती वाटायची, लिफ्टची वाटायची, कुकरच्या शिट्टीची वाटायची. एका खिशात जास्तीचा चष्मा असायचा, हा फुटला तर म्हणून. दुसऱ्या खिशात आणखी एक, तो फुटला तर म्हणून. काकू, म्हणजे सरांच्या बायको, आल्यागेल्याला सांगायच्या, "यांना कशाची भीती वाटत न्हाई ते विचारा, लवकर सांगून होईल."

अशा या भित्र्या माणसाच्या अंगणात दहावीचा निकाल लागला की गर्दी व्हायची. अकरावीला काय घ्यायचं, सायन्स की कॉमर्स की आर्ट्स, हे विचारायला पोरं यायची आणि पोरांना घेऊन बाप यायचे.

मला हे आता आठवायचं कारण म्हणजे माझी पोरगी. मी राहतो लुधियानात, स्वेटर विणायच्या कारखान्यात मशीनवर आहे. प्रज्ञा इथंच जन्मली, इथंच दहावी झाली. इथं सायन्सचे दोन भाग करतात. बायलॉजी घेतली तर म्हणतात मेडिकल, गणित घेतलं तर नॉन-मेडिकल. सोमवारी शाळेत सांगायचं आहे आणि ती म्हणते मेडिकल. चार दिवस झाले, मी मशीनवर उभा असतो आणि धागा तुटलेला मला दिसत नाही. अकरावी अर्ध्यात सोडून आलेला माणूस अकरावीबद्दल पोरीला काय सांगणार? हो म्हणावं तरी भीती, नको म्हणावं तरी भीती. बायको म्हणाली, "तुमच्या त्या सरांना तरी विचारा." तेव्हापासून सर डोक्यातून हटत नाहीत.

सरांची रीत अशी होती. पोरगं आलं की त्याला समोरच्या बाजेवर बसवायचं. बापाला सांगायचं, "तुम्ही तिकडं. भिंतीकडं तोंड करून." कंपाउंडच्या भिंतीलगत धुण्याचे दगड होते, त्यावर बाप रांगेनं पाठमोरे बसायचे. पटकेवाले, टोपीवाले, पँटीत शर्ट खोचलेले, सगळे भिंतीकडं बघत. रस्त्यानं जाणारे लोक थांबून म्हणायचे, "काय पाटील, गृहपाठ केला न्हाई वाटतं?"

पोरगं बापाच्या तोंडाकडं बघून बोलतं असं सरांचं म्हणणं होतं. म्हणून तोंडच काढून घ्यायचं. पण बाप हुशार. ते घरून ठरवून यायचे, दोनदा खोकलो तर सायन्स म्हण. मग अंगणात खोकल्याची साथ आल्यासारखं व्हायचं. सर आत बघून ओरडायचे, "अहो, काढा करा, आज सगळ्यांनाच झालंय." काकू खरंच काढा करून आणायच्या, आणि सर तो खोकणाऱ्याला शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावायचे.

सर मार्क विचारायचे नाहीत. काय व्हायचंय हेही विचारायचे नाहीत. पुढं वाकून, आवाज बारीक करून एकच विचारायचे, "कशाला भितोस?"

म्हणायचे, "आवड सांगताना पोरं खोटं बोलतात. कुणाची तरी ऐकलेली आवड सांगतात. भीती ज्याची त्याची असती."

हेही बापांनी ओळखलं. ते पोरांना पढवायचे, कशालाच भीत नाही म्हणून सांग. एका मोंढ्यातल्या व्यापाऱ्याच्या पोरानं छाती काढून तसं सांगितलं. सर लगबगीनं उठले आणि बाज थोडी मागं ओढून बसले. म्हणाले, "कशालाच न्हाई? मग मला तुझीच भीती वाटायली. उद्या ये." दुसऱ्या दिवशी ते पोरगं एकटंच आलं आणि म्हणालं, हिशोब चुकेल याची भीती वाटते, रात्री उठून बेरीज करतो. सर खूश झाले. "कॉमर्स घे."

"पण सर, मला त्याचीच तर भीती वाटती."

"म्हणूनच घे. भीती दोन जातीची असती, राजा. एकीनं हात चालतो, एकीनं हात थांबतो. तुझा हात चालतोय. थांबवणारी असती तर मी तुला तिकडं जाऊ दिलं नसतं."

हे सरांचं सगळं शास्त्र. एका पोरीनं सांगितलं, रक्ताची भीती वाटते. सरांनी विचारलं, शेवटचं रक्त कधी बघितलंस? भावाच्या पायाला विळा लागला तेव्हा. मग काय केलंस? ओढणी फाडून बांधली, हात लटलट कापत होते. "कापत होते, पण बांधली ना?" "हाव." "गाठ सुटली?" "न्हाई." तिला सायन्स सांगितलं. आता ती नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

बाप उठून विचारायचे, "सर, काय म्हणला हो आमचा? कशाला भितो?" सर सांगायचे नाहीत. विषय सांगायचे, भीती सांगायचे नाहीत. "ती पोराची हाय. तुमच्या हातात दिली तर तुम्ही वापराल." यावरून एकदोन बाप चिडून गेले, पण पुढच्या पोराच्या वेळी तेच पुन्हा येऊन दगडावर बसले.

आता माझी गोष्ट. सरांची एकच चूक मला माहीत आहे, ती माझ्या बाबतीतली.

माझा बा जिनिंगमध्ये कामाला होता, सरकी वेगळी करायच्या मशीनवर. दहावीला मला जे मार्क पडले ते आमच्या वस्तीत आजवर कुणाला पडले नव्हते. विहारात सत्कार झाला. आईनं भिंतीवरच्या दोन्ही फोटोंपुढं पेढा ठेवला. जो तो मला डॉक्टर म्हणू लागला. बारक्या पोरी येऊन हात पुढं करायच्या, नाडी बघ म्हणायच्या. बा कामावरून येताना छाती पुढं काढून येऊ लागला आणि घरात माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी समोर आलो की उठून जागा द्यायचा.

सर स्वतः आमच्या घरी आले. बाज नाही, भिंत नाही. पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "लातूर. सायन्स. दुसरं काही बोलायचंच न्हाई." मला त्यांनी काही विचारलं नाही. इतकी पोरं त्यांच्या बाजेवर बसली, मी तेवढा राहिलो. आनंदात माणूस भीतीही विसरतो असं दिसतं.

लातूरला मी पाऊस असताना गेलो आणि थंडी पडेपर्यंत टिकलो. खोलीवर धर्माबादचाच एक जोडीदार होता. दर आठवड्याला पेपर व्हायचा आणि नंबर भिंतीवर लागायचे. पोरं बोटानं नाव शोधायची. माझं नाव आधी मधे असायचं, मग खाली सरकत गेलं. पुढं मी भिंतीपाशी जाईनासा झालो. मेसमध्ये ताटावर बसलो की घास तोंडातच फिरायचा. पेपर हातात पडला की उत्तर यायचं, पण पेन कागदावर टेकायचा आणि तिथंच राहायचा. शाईचा ठिपका मोठा होत जायचा. मी त्या ठिपक्याकडं बघत बसायचो आणि डोळ्यापुढं यायचा तो बा, उठून जागा देणारा.

दिवाळीला मी गावी गेलोच नाही, अभ्यास आहे म्हणून कळवलं. जोडीदार गेला. त्यानं सरांना सांगितलं, "सर, तो जेवत न्हाई. पेपरात त्याचा हात थांबतो."

थांबतो हा शब्द त्यानं सहज वापरला असेल. सर त्याच सकाळी त्याला सोबत घेऊन निघाले. नांदेडच्या पुढं न गेलेला माणूस लातूरला आला.

आला म्हणजे लातूरच्या स्टँडपर्यंत आला. पुढं शहरात शिरायची त्यांची छाती झाली नाही. जोडीदार मला घेऊन गेला तेव्हा सर बाकड्यावर दोन्ही हातांनी छत्री धरून बसले होते, पाऊस नसताना. तोंड खडूसारखं पांढरं. बाजूला कंडक्टर उभा होता. तो मला म्हणाला, "हे तुमचे सर का? वळण आलं की माझा हात धरू लागले. तिकिटं फाडायची कशी मी?"

सरांनी मला शेजारी बसवलं. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कुणीतरी औशाची गाडी ओरडत होतं. सर पुढं वाकले. आवाज बारीक केला.

"कशाला भितोस?"

मला रडू फुटलं.

"कामून रडायलास? सांग फक्त."

"परत यायला," मी म्हणालो.

"कुणाकडं?"

"बाच्याकडं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातला काढून घातला. जरा वेळानं म्हणाले, "हे मी उन्हाळ्यातच विचारायला पायजे होतं. तुझे मार्क बघून माझी अक्कल गेली." मग उठले. "चल."

"सामान, सर?"

"ते येईल. तू चल."

परतीच्या गाडीत चढताना त्यांनी ब्रेकचं विचारलं नाही. मला ते पार अहमदपूर गेल्यावर लक्षात आलं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि धर्माबाद येईपर्यंत सोडलं नाही.

आमच्या घरात शाळा सोडणं म्हणजे काय हे आमच्याच लोकांना कळेल. आजानं गुरं राखली, बानं सरकी उपसली, ती कशासाठी, हे आम्हाला जेवताना, झोपताना, सणावाराला सांगितलेलं असतं. शिकणं हे आमच्यात एकट्या पोराचं काम नसतं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या अंगणात मी बाजेवर बसलो होतो तेव्हा मला वाटत होतं, बा येऊ नये, मशीन बिघडावी, काहीही व्हावं.

बा कामावरून तसाच आला. भुवयांवर कापूस. सरांनी आपली खुर्ची त्याच्यापुढं सरकवली. बा त्या खुर्चीच्या कडेवर बसला, मोडेल अशा बेतानं. आणि सर गेले आणि धुण्याच्या दगडावर भिंतीकडं तोंड करून बसले.

"आज तुम्ही विचारा," ते भिंतीला म्हणाले. "चूक माझी हाय. मी इकडं बसतो."

बा घाबरला. "काय विचारू, सर?"

"मी रोज विचारतो ते."

बानं टॉवेल काढला, घडी केली, मोडली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "कशाला भेलास रे, बाबा?"

"तुमाला."

बा भुवईवरचा कापूस काढून बोटात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला? मी तर तुलाच भिऊन राहिलो होतो."

"कामून?"

"तू लई शिकणार म्हणून. तुझ्यासंगं काय बोलावं ते सुचंना मला. चुकीचं बोललो तर, असं वाटायचं."

भिंतीकडून नाक ओढल्याचा, घसा खाकरल्याचा आवाज आला. बानं तिकडं मान वळवली. "सर," तो म्हणाला, "खुणा करू नका."

आत काकू हसल्या. मग आम्ही सगळेच हसलो. लातूरला गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

पुढं सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. सरांनी गावातच आर्ट्सला बसवून बघितलं, पण वर्गात शिरलं की पेन तिथंही कागदावर टेकून राहायचा. वस्तीत लोक बोलायचे, त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी सरांनी विचारलं, "वर्ग सोड. कुठं हात चालतो तुझा?" मी म्हणालो, जिनिंगमध्ये. लहानपणी बाचा डबा घेऊन जायचो तेव्हा त्या धडधडीत मी कापसावर गाढ झोपायचो. मशीन चालू असली की माझ्या डोक्यातलं बंद होतं. सरांनी हे ऐकून घेतलं. दुसरा कुणी असता तर कानाखाली दिली असती.

माझे मावसा लुधियानाला कारखान्यात होते. सरांनी अॅटलास काढून लुधियाना शोधलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढं वर?" पण अडवलं नाही. नांदेड स्टेशनवर अमृतसरच्या गाडीला मला बसवायला बासोबत आले. मी जागेवर बसलो तर सर दिसेनात. बा म्हणाला, "तिकडं गेलेत, इंजिनाकडं." लांबलचक फलाट चालून सर इंजिनापर्यंत गेले होते. धापा टाकत परत आले. म्हणाले, "विचारून आलो. सरदारजी हाय. 'हैं जी, फिकर ना करो' म्हणला."

इथं लोक विचारतात, शिक्षण किती? मी दहावी सांगतो आणि विषय बदलतो. त्याची लाज गेलेली नाही, जाणारही नाही. पण मी गावी जातो तेव्हा बा स्टेशनवर येतो आणि घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं बोलत असतो. त्या वयात लातूरहून परत यायच्या भीतीनं पोरं कुठं कुठं जातात, ते मी पेपरात वाचतो आणि पान उलटतो. मला परत आणायला एक माणूस आला होता, ज्याला वळणाचीही भीती वाटायची.

रविवारी दुपारी फोन लावला. सरांना लुधियाना फार लांब वाटतं, त्यामुळं ते ओरडून बोलतात.

"कोण? लुधियाना? उन्हात फिरू नको, टोपी घाल! मी रोज बघतो तुला नकाशावर, सतलजच्या खालच्या अंगाला. पूर न्हाई ना आला?"

मी सगळं सांगितलं. प्रज्ञा मेडिकल म्हणते, मला काय करावं सुचत नाही.

"तुला कोण विचारतंय? फोन पोरीला दे. आणि तू कुठं बसणार?"

"इथंच हाय की, सर."

"इथंच म्हणजे? भिंतीकडं तोंड केलंस का?"

मी बादली पालथी घालून गॅलरीत बसलो. समोर शेजारच्या इमारतीची भिंत, विटांची, सिमेंट न मारलेली. खोलीकडं पाठ. त्या दगडांवर बसलेल्या बापांना आम्ही किती हसायचो. तिथं बसल्यावर काय होतं ते मला त्या बादलीवर कळलं. कान पाठीला येतात. तरी सगळं ऐकू येत नाही.

"हांजी सर... वाटते ना." मग प्रज्ञा हळू बोलू लागली, एवढं हळू की नुसता आवाज कळावा, शब्द नाही. एवढा वेळ ती माझ्याशी कधी बोलली होती?

आणि मला खोकला आला.

लोकरीच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला खोकला असतोच, छातीत बारीक तूस बसलेलं असतं. पण प्रज्ञाला खोकणाऱ्या बापांची गोष्ट पाठ आहे, लहानपणापासून मीच सांगत आलोय. मी आत्ता खोकलो तर ती काय समजेल? नको म्हणतायत असं समजेल. आणि मनातून मी नकोच म्हणत होतो. खरा खोकला आणि खोटा खोकला एकाच जागी येऊन थांबले होते. मी टॉवेलाचा बोळा करून तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या विटा हलायला लागल्या. मागं प्रज्ञा म्हणत होती, "चालतो, सर." मग पुन्हा, "खरंच चालतो."

चप्पल वाजली. "पप्पा, झालं. वळा इकडं."

मी वळलो. तोंडातला टॉवेल काढला.

"मेडिकल," ती म्हणाली.

"आणि सरांना काय सांगितलंस? कशाची..."

"ते बापाला सांगायचं नसतं म्हणाले." तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"काय रे," सर ओरडले, "मधे खोकला तर न्हाईस ना?"

न्हाई म्हणायला मी तोंड उघडलं आणि दाबून धरलेला सगळा खोकला एकदम बाहेर पडला. बादलीवरून मी खाली आलो. सर तिकडं "अहो, काढा!" असं कुणाला तरी सांगत होते.

प्रज्ञा पाणी घेऊन आली. "आता खोकून काही उपयोग न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "मी सांगून टाकलंय."

पेला काठोकाठ भरलेला होता. तिचा हात कापत होता. पाणी मात्र सांडलं नाही.